गुडघ्याची हजेरी

चेंडू टोपलीत पडतो की नाही हे बघायची वेळ आली की जो माणूस टोपलीकडे पाठ करून उभा राहतो, त्याला बास्केटबॉल शिकवायला ठेवावं का, असा प्रश्न मी एकदा आमच्या हेडमास्तरांना लेखी विचारला होता. हेडमास्तरांनी कागदाची घडी करून खिशात घातली आणि म्हणाले, "मग तुम्ही उभे राहता का रोज चार वाजता उन्हात?" मी गणिताचा शिक्षक. तेव्हा ड्रिलमास्तर राहिले आणि माझा संताप होता तिथेच राहिला. आज इतक्या वर्षांनीही तो पुरता गेलेला नाही. कोणावर काढायचा, एवढाच प्रश्न आहे.

स्वातंत्र्य मिळून पाच-सात वर्षं झाली असतील. आमची शाळा ठाण्यात, तळ्यापासून हाकेच्या अंतरावर. बाकीच्या शाळांतून लेझीम आणि हुतूतू चालायचं. हे गृहस्थ मात्र कुठलंसं शारीरिक शिक्षणाचं प्रशिक्षण घेऊन आले आणि येताना हा परदेशी खेळ घेऊन आले. शाळेमागच्या पडीक जागेत त्यांनी पोरांना हाताशी धरून जमीन चोपून घेतली, माजिवड्याच्या लोहाराकडून दोन कडी वाकवून आणली, देवदारी खोक्यांच्या फळ्या खांबांवर ठोकल्या आणि त्यांना ती कडी लावली. बास्केटबॉल हा शब्द त्यांनी कधी तोंडातून काढला नाही. ते "टोपली" म्हणायचे. "आज टोपली आहे, जेवण कमी करा," असं ते सकाळच्या प्रार्थनेनंतर भर शाळेसमोर सांगायचे, आणि पोरं इमानेइतबारे मधल्या सुट्टीत डबा अर्धा टाकायची. यावर पालकांच्या तक्रारी आल्या. मीही त्यात होतो, पालक नसताना.

राहायला ते ठाकुर्लीला, पॉवरहाउसच्या मागच्या चाळीत, बहिणीकडे. कपड्यांचा एकच जोड माहीत: खाकी अर्धी चड्डी, पांढरा सदरा. हेडमास्तरांच्या मुलीच्या लग्नाला त्याच चड्डीवर काळा कोट घालून आले होते आणि पंगतीत तसेच मांडी घालून बसले. खिशात आल्याचा तुकडा असायचा, तो दिवसभर चघळायचे. आम्हा शिक्षकांना ते नावाने हाक मारत नसत, विषयाने मारत. "काय भूगोल, आज उशीर?" "अहो संस्कृत, छत्री राहिली तुमची." मी "गणित". मला गुणलेखकाच्या टेबलावर बसवलं होतं ते याच हिशेबाने, म्हणजे गणिताला बेरीज येतच असणार. मला त्या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण तीन वर्षं मी त्या टेबलावर बसलो आणि तीन वर्षं मी त्या माणसाच्या तऱ्हा पाहून दात-ओठ खाल्ले.

पाठ करून उभं राहण्याची तऱ्हा त्यातलीच. पोरगं कड्याच्या दिशेने चेंडू उडवायला लागलं की हे वळून उभे. नजर जमिनीवर, पोराच्या पायांवर. चेंडू पडला की नाही ते मला विचारायचे. "गणित, गेला?" मी म्हणायचो, "गेला." "जाणारच होता," असं म्हणून पुढे. मी एकदा विचारलं, "अहो, मग बघत का नाही?" तर म्हणाले, "चेंडू कुठे गेला ते वाटेवरचा टांगेवालाही सांगेल. तो कुठून निघाला, ते पायांत दिसतं." बोलायला छान आहे. पण सामना चालू असताना शिक्षकच गोलाकडे पाठ करून उभा आहे, हे बघून कल्याणच्या रेल्वे कॉलनीतली पोरं खदाखदा हसायची, आणि टेबलावर बसून ते हसू मला ऐकावं लागायचं.

आणि ती हजेरी. खेळायच्या आधी हे पोरांना रांगेत उभं करायचे आणि वही काढायचे. पण नावं पुकारायचे नाहीत. पुकारायचे अवयव. "घोटा?" सगळ्यांनी एकेक करून सांगायचं, "हजर." "गुडघा?" "हजर." मग कंबर, मनगट, बोटं, शेवटी डोकं. ज्याचं जे दुखत असेल त्याने "गैरहजर" म्हणायचं आणि त्या दिवशी बाहेर बसायचं. कोणी कुरकुर करायची नाही, कोणी हसायचं नाही. वहीत प्रत्येकाच्या नावापुढे ओळीने खुणा व्हायच्या. एकदा शाळातपासणीला आलेल्या साहेबांनी ती वही चाळली आणि हेडमास्तरांना हळूच विचारलं, "यांची प्रकृती बरी असते ना?" हेडमास्तरांना सांगता येईना. मी असतो तर सांगितलं असतं.

या वहीची पोरांना शाळेच्या परीक्षेपेक्षा जास्त धास्ती, कारण मास्तरांचा एक नियम होता. वहीत लिहिलं ते खरं. मी जे पाहिलं, ऐकलं, तेच लिहितो, पदरचं काही घालत नाही, असं ते छातीठोकपणे सांगायचे. आणि वर्षाच्या शेवटी, परीक्षेआधी, शाळेच्या सभागृहात ते हंगामाचा निकाल वाचायचे. पालकांना बोलवायचे. प्रत्येक खेळाडूबद्दल एक वाक्य, जास्तीत जास्त दोन. "हात चांगले, डोकं उशिरा पोहोचतं." "याने पुढच्या वर्षी पोहावं, टोपली सोडावी." आई-बापांसमोर, गल्लीतल्या लोकांसमोर. मी म्हणतो, हा कुठला न्याय? खेळायला आलेली पोरं ती, आणि तुम्ही त्यांचा असा जाहीर पंचनामा करता. पण गावाला ते भारी आवडायचं. हॉल भरायचा.

आता काशिनाथ. चेंदणीच्या कोळीवाड्यातला, तेव्हा मॅट्रिकच्या आदल्या वर्गात, आणि सगळ्या शाळेत उंच. बाप लहानपणीच गेलेला. आई ठाण्याच्या बाजारात मासळी विकायची, आणि पोराने होडीवर जाऊ नये, पगाराची नोकरी धरावी, एवढी तिची एक इच्छा होती. काशिनाथ आमच्या संघात आला तो जाळ्यामुळे. कड्यांना जाळी हवी होती. मास्तरांना कोणीतरी सांगितलं, कोळीवाड्यात करून मिळेल. काशिनाथच्या काकाला काम दिलं. त्याने आठ दिवस खपून सुंदर जाळं विणलं, गाठ न् गाठ मोजून घ्यावी असं. कड्याला लावलं, पहिला चेंडू टाकला, आणि चेंडू आतच राहिला. काकाने जाळ्याचं बूड पक्कं बांधून टाकलं होतं. तो काय करणार बिचारा, आत गेलेलं खाली पडू द्यायचं जाळं त्याने जन्मात विणलं नव्हतं.

दुसरा कोणी असता तर त्याच दिवशी बूड कापलं असतं. मास्तरांनी कापलं नाही. "मूळ खेळात टोपलीच होती आणि तिलाही बूड होतं," म्हणाले, आणि पंधरा दिवस दर गोलाला खेळ थांबवून काकाबरोबर जाळं लावायला आलेल्या काशिनाथला बोलावून, त्याच्याकडून वर हात घालून चेंडू काढून घेत राहिले. आमची कडी नेमापेक्षा जरा खालीच होती, त्याला उडी मारावी लागायची नाही, नुसती टाच उचलायची. पंधराव्या दिवशी मास्तर त्याला म्हणाले, "वरून काढता येतो, मग वरून घालून बघ." अशी त्याची सुरुवात. मग मास्तर कोळीवाड्यात जाऊन काकांची रीतसर परवानगी घेऊन आले आणि जाळ्याचं बूड कापलं. ही गोष्ट मी त्यांच्या बाजूची म्हणून सांगतो, कारण पुढे त्यांच्या बाजूचं फारसं काही सांगणार नाही.

पहिल्या वर्षी काशिनाथ असा खेळला की मलाही खेळ कळल्यासारखं वाटायला लागलं. डाव्या पायावर उतरायचा, आणि उतरता उतरता पुढची उडी घ्यायचा. डोंबिवलीच्या शाळेला आम्ही हरवलं, कल्याणच्या रेल्वे कॉलनीला तिथेच जाऊन हरवलं. त्या सामन्याला रेल्वेच्या कारखान्यातले एक साहेब आले होते. कारखान्याचा संघ ते सांभाळायचे, आणि चांगली पोरं हेरून जूनमध्ये उमेदवार म्हणून कामाला लावून घ्यायचे. सामना संपल्यावर साहेबांनी काशिनाथच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "मॅट्रिक हो. पुढचं वर्षभर मी बघतोय तुला." त्या दिवसापासून ते पोरगं जमिनीवर नव्हतं. त्याची आई बाजारात मला बघून पाटीमागून उठून उभी राहायला लागली. "गुरजी, त्याचा गनित तेवरा बघा. बाकी त्याचा तो करल."

म्हणून काशिनाथ सकाळी माझ्या घरी बीजगणित शिकायला यायचा. दिवाळीनंतर आला तेव्हा त्याला मांडी घालता येईना. पाय लांब करून बसला. मी म्हटलं, "नीट बस की रे." तो म्हणाला, "बसतो असाच." मी त्याच्या चड्डीची कड वर सरकवली, तर डावा गुडघा हा एवढा सुजलेला, त्यावर आंबेहळदीचा लेप. होडी ओढताना पाय चिखलात रुतला आणि वरचं अंग फिरलं. मी म्हटलं, "मास्तरांना सांगितलंस?" त्याने माझा हात धरला.

"नाय सांगायचा, गुरजी. सांगला त ते बसवतील. बसवला त सायब बघल कसा? तुमाला माजे आयची शपत हाय."

मी शपथ घेतली. आणि मग चार महिने मी टेबलावर बसून ऐकलं. "गुडघा?" रांगेतून काशिनाथ खणखणीत सांगायचा, "हजर." मास्तर वहीत खूण करायचे. अहो, दिवसभर पोरांच्या पायांकडे बघत उभा राहणारा माणूस, त्याला नारळाएवढा सुजलेला गुडघा दिसू नये? मग ते पाठ करून उभं राहणं कशासाठी होतं? मला तर खात्री पटली की ते सगळं सोंग आहे, पाय-बीय या माणसाला काही कळत नाही.

त्यात त्या वर्षी त्यांनी आणखी एक खूळ काढलं. सगळ्या संघाने पांढरे लेंगे घालून खेळायचं. का, तर म्हणे थंडी आहे. ठाण्यात थंडी. स्वतः अर्ध्या चड्डीत आणि पोरं लेंग्यात. कल्याणला गेलो तर कॉलनीतल्या पोरांनी विचारलं, "लग्नाला आलात काय रे?" आमची पोरं मान खाली घालून उभी.

तो कल्याणचा सामना मी विसरणार नाही. काशिनाथला मास्तरांनी कड्याखाली उभा केला होता आणि तिथून हलायचं नाही असं बजावलं होतं. तो हलला. साहेब समोर खुर्चीवर बसले होते, म्हणून हलला. धावला, उडी मारली, आणि उतरताना कसाबसा सावरला. मास्तर तिरासारखे आत गेले, शिट्टीचीही वाट बघितली नाही. सगळ्यांसमोर ओरडले, "अरे आळशी, पाय उचलायला काय मजूर लावू? बस बाहेर." आणि बाहेर काढलं ते काढलंच. पुढचा सगळा खेळ तो डोक्यावर टॉवेल घेऊन बसला. हे एकदा नाही. त्या हंगामात प्रत्येक सामन्यात हेच. थोडं खेळवायचं, मग काहीतरी खुसपट काढून शिव्या द्यायच्या आणि बसवायचं. एकदा केस वाढलेत म्हणून बसवला. एकदा पंचांकडे बघून हसला म्हणून.

परत येताना कल्याणच्या स्टेशनवर मी त्यांना गाठलं. मी म्हटलं, "पोराला चारचौघांत असं बोलणं शोभतं का तुम्हाला? त्याचं सगळं आयुष्य या हंगामावर टांगलेलं आहे." ते आलं चघळत होते. म्हणाले, "तुम्ही गुण मोजा, गणित." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. शपथ आड आली म्हणून, नाहीतर तिथेच सांगून टाकलं असतं.

निकालाचा दिवस आला. हॉल भरलेला. पुढच्या रांगेत पाहुणे म्हणून कारखान्याचे साहेब. मागे बायकांत काशिनाथची आई, बाजार अर्ध्यावर टाकून आलेली. मास्तर एकेक नाव घेऊन वाचत होते. काशिनाथचं नाव शेवटी.

"काशिनाथ. हा हंगाम निराशेचा. आळस नडला. पुढच्या हंगामात पुन्हा पाहावा."

हॉलमध्ये कोणीतरी चुकचुकलं. काशिनाथ उभा होता तो तसाच उभा राहिला. लोक उठायला लागले तेव्हा त्याची आई गर्दीतून माझ्यापाशी आली. "गुरजी, निराशेचा म्हंजे नापास काय वो?" मी म्हटलं, "बघतो मी." आणि तरातरा हेडमास्तरांच्या खोलीत गेलो. तिथे पाहुण्यांचा चहा चालला होता.

साहेब मास्तरांना विचारत होते, "काय झालं हो त्या उंच पोराचं? गेल्या साली केवढी आशा होती."

"आळस," मास्तर म्हणाले. "हवा गेली डोक्यात. या वयात होतं. दोन-तीन महिन्यांत ताळ्यावर येईल. जूनमध्ये पुन्हा बघा त्याला, तुमच्या मैदानावर."

साहेब मान हलवत होते. ती मान होकाराची होती, हे आज मला स्वच्छ दिसतं. तेव्हा मला काही दिसत नव्हतं. चार महिने साठलेलं सगळं माझ्या तोंडाशी आलं होतं.

"आळस?" मी म्हटलं. "साहेब, या माणसाचं काही ऐकू नका. दिवाळीपासून त्या पोराचा डावा गुडघा सुजलेला आहे. मी डोळ्यांनी पाहिलाय. त्या गुडघ्यावर तो चार महिने खेळला, आणि हे त्याला आळशी म्हणतायत. यांच्या वहीत बघा, रोज गुडघा हजर लावलेला आहे यांनी."

मला फार बरं वाटलं. खरं सांगतो, इतकं बरं मला नोकरीत कायम झालो तेव्हाही वाटलं नव्हतं. साहेबांनी कप खाली ठेवला.

"डावा गुडघा," ते म्हणाले. "तरी मला शंका आलीच होती. बरं झालं सांगितलंत, गुरुजी. आमची मेडिकल फार कडक असते. डॉक्टर आधी डोळे बघतो आणि मग गुडघे." आणि काहीतरी हवापाण्याचं बोलून ते उठले. जाताना त्यांनी मास्तरांना नमस्कार केला, मलाही केला. काशिनाथचं नाव पुन्हा निघालं नाही.

मी बाहेर आलो तेव्हा मास्तर व्हरांड्यात माठापाशी पाणी पीत उभे होते. मला वाटलं आता भांडण होणार, मी तयारीत होतो. त्यांनी पेला उपडा घातला आणि म्हणाले, "आळशी पोरगं त्यांनी जूनमध्ये पुन्हा बघितलं असतं. दुखऱ्या गुडघ्याचं कशाला बघतील?"

मी म्हटलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"दिवाळीनंतरच्या पहिल्याच दिवशी. उजव्या पायावर उतरला तो."

"मग वहीत रोज..."

"खोटं लिहिलं," ते म्हणाले. "वही कारखान्याचे साहेब मागून घेतात. गेल्या साली घेतली होती. गैरहजर लावला असता तर कायमचा लागला असता."

"अहो, मग खेळवला तरी कशाला?"

"नाव काढलं असतं तर का काढलं ते विचारलं असतं. सगळा वेळ खेळवला असता तर गुडघा गेला असता. म्हणून थोडं खेळवलं आणि बाकीचा वेळ शिव्या दिल्या. असे गुडघे मी पाहिलेत. दोन महिने नुसतं पोहणं आणि आराम मिळाला की बसतात."

तेव्हा मला ते लेंगे आठवले. अकरा पोरांना लेंगे घालायला लावले ते एका गुडघ्यासाठी. आणि तरीही मला रागच आला, तोच आधी आला. मी म्हटलं, "मला एका शब्दाने सांगता आलं नाही तुम्हाला?"

"तुमच्या तोंडात तीळ भिजत नाही, गणित," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, संस्कृतला छत्री राहिल्याचं सांगावं तसं सांगितलं. आणि यातला अन्याय बघा. चार महिने माझ्या तोंडात तो तीळ भिजत होता, मी शपथ पाळली होती. मी तो पाडला नेमका त्या चहाच्या टेबलावर. पण हे त्यांना सांगण्यात काही अर्थ नव्हता.

जूनमध्ये कारखान्याची यादी लागली. आमच्या शाळेतली दोन पोरं घेतली, काशिनाथच्या निम्म्याने खेळणारी. काशिनाथ मॅट्रिक झाला, गणितात बरे गुण मिळाले. गुडघ्याचं म्हणाल तर नारळी पौर्णिमेला कोळीवाड्याच्या मिरवणुकीत तो सगळ्यांच्या पुढे नाचत होता. मी रस्त्याच्या कडेला उभा राहून पाहिलं. डाव्या पायावर उतरत होता. दिवाळीच्या आत तो रेतीच्या होड्यांवर लागला. खाडीत बुडी मारून तळाची रेती बादलीने वर काढायची, दिवसातून कितीतरी वेळा. त्याच गुडघ्याच्या जोरावर त्याने ते काम पुढे वर्षानुवर्षं केलं. त्याच्या आईने मला बाजारात काही विचारलं नाही, पण उठून उभी राहायची ती राहतच राहिली. मी त्या बाजूने जाणं कमी केलं.

मास्तर तसेच होते. नवीन पोरं आणली, त्यांच्यावर ओरडले, आल्याचे तुकडे चघळले. काशिनाथ वाटेत दिसला तर तो तोंड फिरवून पलीकडच्या बाजूने जायचा, आणि हे न दिसल्यासारखे चालत राहायचे. कोळीवाड्यात त्यांच्याबद्दल काय काय बोललं जायचं ते माझ्या कानावर यायचं. त्यांच्याही येत असणार. हेडमास्तरांच्या खोलीत मी काशिनाथसाठी भांडलो एवढंच तिथे पोहोचलं होतं, काय बोललो ते नाही. एकदा शिक्षकांच्या खोलीत दोघेच असताना त्यांनी विचारलं, "त्याला सांगितलंत?"

"अजून नाही," मी म्हटलं. "सांगणार आहे."

"नका सांगू," ते म्हणाले. "एकावर रागावलाय तेवढं पुरे. त्याला शिक्षक दोनच होते."

दुसरा कोणी असता तर त्याने ही सूट घेतली नसती. मी घेतली. घेताना मनात म्हटलंसुद्धा की हेच शहाणपणाचं आहे, पोराचा जगावरचा विश्वास राहिला पाहिजे वगैरे. माझ्यासारख्या माणसाला असं काहीतरी पटकन सुचतं. जो माणूस खोटं लिहीत नाही म्हणून मिरवायचा, त्याने एका पोरासाठी चार महिने रोज खोटं लिहिलं आणि त्याबद्दल शिव्या खाल्ल्या. आणि मी एकदा खरं बोललो आणि त्याबद्दल आजतागायत मान घेतो आहे. ही माझी चीड आहे. ती त्यांच्यावर नाही.

मास्तर ठाकुर्लीला बहिणीच्या घरीच वारले. शाळेतले चारसहा लोक गेलो होतो. त्यानंतर आठवड्याभराने काशिनाथ माझ्याकडे आला. तो दर वर्षी श्रावण संपला की येतो, पिशवीत चिंबोऱ्या नाहीतर बोईट मासे घेऊन, आणि ओट्यावरच बसतो. आता त्याचीच दोन पोरं शाळेत आहेत. मी त्याला मास्तर गेल्याचं सांगितलं.

त्याने पिशवी माझ्यापुढे सरकवली. मग म्हणाला, "मेलेल्यावर राग नाय धरायचा, गुरजी. पन खोटा कशाला बोलू, त्या मानसान माजा वाटोला केला. तवा येवऱ्या लोकांत तुमी येकलेच माजेसाठी बोलले. माजी आय मरेपरयंत तुमचा नाव काढत होती."

बायको दाराशी येऊन उभी होती. मी पिशवी तिच्या हातात दिली आणि काशिनाथसाठी चहा टाकायला सांगितलं.